खाडा कोण भरणार?

पत्र, थोडक्यात

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्यांनी आणि भिशीतल्या मैत्रिणींनी वर्गणी काढून गेल्या हंगामात ऊसतोड कुटुंबांसाठी दोन आरोग्य शिबिरं घेतली. शहरापासून वीसेक किलोमीटरवर एका गावाबाहेरच्या माळावर साठेक कोप्या, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्या, पडल्या होत्या, माणसं बहुतेक बीडकडची. रविवारी सकाळी अकराची वेळ, मंडप, ओळखीचे डॉक्टर, रक्ततपासणी, लोहाच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, योगासनं आणि वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी ‘तणावमुक्त जीवन’ या विषयावर व्याख्यान, असा बेत होता. पहिल्या शिबिराला बरी गर्दी झाली. त्या दिवशी साखर कारखान्याची गव्हाण, म्हणजे गाळपाला ऊस आत घ्यायची जागा, बंद होती. महिन्याभरानं दुसरं घेतलं तर म्हाताऱ्या आणि कडेवरची पोरं एवढीच आली. आधी वाटलेल्या गोळ्या कोप्यांमागच्या पाचटात टाकलेल्या सापडल्या. योगासनं सुरू होताच पोरी फिदीफिदी हसत पळाल्या. बायकांना पाठवा म्हणून टोळीच्या मुकादमाला विनवलं तर तो म्हणाला, “पाठवतो की. खाडा कोण भरणार?” ताईंना हे उद्धट वाटलं.

ताईंचं माहेर वळिवड्याचं. दुसऱ्या महायुद्धात तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि त्यांचे आजोबा छावणीत दूध घालायचे. सगळं गमावून आलेली ती माणसं किती टापटीप राहायची, हे ऐकत ताई मोठ्या झाल्या. त्या विचारतात, “हे लोकही एका परीनं निर्वासितच आहेत. मग त्यांनाच आरोग्याची जाणीव का नसावी?” एक मैत्रीण म्हणते, फुकटच्या वस्तूची किंमत नसते, दहा रुपये फी लावा. दुसरी म्हणते, उरलेले पैसे एखाद्या संस्थेला देऊन मोकळं व्हा. देणगीदार फोटो मागतायत. दसरा जवळ आलाय. या वर्षी काय करावं?

उत्तर

ताई,

मुकादमाचं ते वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत. तो माणूस चांगला असेल किंवा नसेल, पण तुमच्या सगळ्या कार्यक्रमाबद्दलचा सगळ्यात कामाचा प्रश्न त्यानंच विचारला. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

नवराबायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम त्या कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. मग पुढचे पाच-सहा महिने टनावर जी मजुरी होते, त्यातून ती उचल फिटत जाते. एक दिवस काम चुकलं तर मजुरी बुडतेच, वर दंड लागतो. तो खाडा. पाचशे, कुठं हजार. बाई आजारी पडली तरी खाडा पडतो, कारण एकट्या नवऱ्याचा अर्धा कोयता चालवून घेत नाहीत. अशा बाईला तुम्ही रविवारी अकरा वाजता रक्त तपासायला बोलावलंत, म्हणजे तिच्या लेखी दिवसाच्या मजुरीवर आणखी पाचशे रुपये मोजून तपासणी करून घ्यायची. तुमच्या मैत्रिणीला सांगा, शिबिर फुकट नव्हतंच. दहा रुपये फीचा विषय इथंच संपवूया.

त्यात रविवार हा तुमचा-आमचा. तोडीला रविवार नसतो. पहाटे तीन-चारला उठून बाई भाकरी थापते, पोरांचं बघते, उजाडायच्या आत फडात असते. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. संध्याकाळी परत येऊन पुन्हा चूल. रात्री गाडी लागली तर पुन्हा भरणी. पहिल्या दिवशीच्या गर्दीचं श्रेय तुमच्या मंडपाला नसून बंद पडलेल्या गव्हाणीला आहे. माणसं मोकळी होती म्हणून आली. दुसऱ्या वेळी मोकळी नव्हती म्हणून आली नाहीत. यात आरोग्याच्या जाणिवेचा संबंध आलाच कुठं?

आता गोळ्या. पाचटात गोळ्या सापडल्या हे वाचून मला वाईट वाटलं, आश्चर्य मात्र वाटलं नाही. लोहाच्या गोळीनं पुष्कळांना मळमळतं, बद्धकोष्ठ होतं, संडास काळी होते. आधी कुणी सांगितलं नसेल तर काळी संडास बघून बाई घाबरते, आणि मळमळ घेऊन उन्हात कोयता चालवता येत नाही. त्यातून तिनं ती पहाटे रिकाम्या पोटी चहाबरोबर घेतली असणार. चहानं लोह अंगी लागत नाही, त्रास तेवढा होतो. गोळी रात्री जेवल्यावर घ्यायची, सोबत लिंबू पिळायचं, चहा तास-दोन तास लांब ठेवायचा, काळ्या संडासला भ्यायचं नाही. ही चार वाक्यं प्रत्येकीशी तिच्या चुलीपाशी बसून बोलली गेली असती तर अर्ध्या गोळ्या तरी पोटात गेल्या असत्या. लाउडस्पीकरवरून ते होत नाही. पॅडचंही तसंच आहे. बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, टाकायला जागा नाही, तिथं पॅडचं पाकीट उशाला पडून राहतं. कापड वापरणाऱ्या बाईला ते धुऊन उन्हात वाळवता येईल एवढी आडोशाची जागा मिळाली, तर त्याचा उपयोग जास्त.

आणि वळिवडे. तुमच्या आजोबांनी पाहिलं ते खरंच होतं. पण ते दूध घालून परत येत. छावणी कशी चालायची, हा तपशील त्यांच्या गोष्टीत आलेला दिसत नाही, म्हणून थोडं सांगते.

१९४० आणि ४१ साली सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. सुटका झाल्यावर त्यातली काही इराणमार्गे भारतात आली. जामनगरजवळ बालाचडीला मुलांची छावणी झाली आणि १९४३ मध्ये वळिवड्याला कुटुंबांची. पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. १९४८ पर्यंत ती इथं राहिली. पुढं त्याच जागी सिंधी निर्वासित कुटुंबं आली आणि आज ज्या गांधीनगरात आपण घाऊक कापड घ्यायला जातो ते उभं राहिलं. महावीर उद्यानात पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे, तुम्ही तिथं मॉर्निंग वॉकला जातही असाल.

त्या लोकांचे हाल झाले नव्हते असं नाही. उपासमार, टायफॉइड, हिवताप, वाटेत गेलेली लेकरं, सगळं झालं होतं. पण वळिवड्यात पोचल्यावर त्यांना काय मिळालं ते बघा. कौलारू बराकी, त्यात प्रत्येक कुटुंबाला वेगळी खोली. लंडनमधल्या पोलिश सरकारकडून खर्चाची तरतूद, घरटी दरमहा भत्ता, म्हणजे बाजारात जाऊन आपल्या पसंतीचं विकत घ्यायची सोय. तुमच्या आजोबांचं दूधही त्यातूनच जात असणार. छावणीचं स्वतःचं हॉस्पिटल, क्षयाच्या रोग्यांसाठी पाचगणीची सोय. शाळा पोलिश भाषेत, शिक्षक त्यांच्यातलेच. चर्च, नाटकं, स्काउटची पथकं. कारभारही पुष्कळसा त्यांच्याच माणसांच्या हाती. आणि पाच वर्षं एका जागी मुक्काम! एवढ्यावर कुणीही टापटीप राहील. त्या बायकांना सहा महिने माळावर प्लास्टिकच्या कोपीत ठेवून, पहाटे तीनला उठवून, चुकल्या दिवसाला दंड लावला असता, तर त्यांची टापटीप किती टिकली असती?

तुम्ही दोघांची तुलना केलीत ते बरंच झालं, ती जरा पुढं नेऊया. जगभर निर्वासितांच्या छावण्यांसाठी ‘स्फिअर’ नावाची किमान मानकं वापरतात. त्यांत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात, वीस माणसांमागं एक संडास, बायकांचा वेगळा, आतून कडी लागणारा आणि उजेडातला, आणि पाण्याची जागा पाचशे मीटरच्या आत. साठ कोप्या म्हणजे तीनशे माणसं धरा. त्यांना रोज साडेचार हजार लिटर पाणी लागेल आणि पंधरा संडास. आता आठवून सांगा, त्या माळावर संडास किती होते? तुमच्या पत्रात हिमोग्लोबिनचे आकडे आहेत, पाण्याचा एकही नाही. लघवीची जळजळ, अंगावरून जाणं, पोरांचे जुलाब, खरूज या पहिल्या शिबिरात सापडलेल्या तक्रारी त्याच पाण्याशी आणि आडोशाशी जाऊन भिडतात. दिवसभर फडात आडोसा नाही म्हणून बाई पाणी पीत नाही, लघवी दाबून ठेवते, मग संसर्ग होतो. औषधानं तो आठ दिवस बरा होतो आणि पुन्हा येतो.

मनाच्या आरोग्याबाबतही हेच. संकटातून आलेल्या माणसांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी २००७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत कामाची उतरंड मांडली आहे. तळाला पाणी, निवारा, सुरक्षितता. त्यावर घरचा आणि समाजाचा आधार. त्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्यांची मदत. आणि अगदी वरच्या टोकाला, थोड्याच लोकांना लागणारा मानसोपचार. तुमचं ‘तणावमुक्त जीवन’ थेट वरच्या टोकापाशी जाऊन बसलं, खाली काही नसताना. पोरी हसल्या नसत्या तरच नवल.

मग करायचं काय? माझं मत स्पष्टच सांगते: बंद करू नका, पैसे देऊन मोकळ्याही होऊ नका, पण शिबिर हा प्रकार यंदा सोडून द्या. एकच माळ घ्या आणि पूर्ण हंगाम घ्या. तुम्ही आठ जणी आहात, आठवड्याला दोघी-तिघी गेल्या तरी पुरे. भिशीसारखाच पाळीचा हिशोब ठेवा, तो तुम्हाला पक्का जमतो.

कधी जायचं हे कारखान्याच्या स्लिपबॉयला विचारा. कुठली टोळी कुठल्या फडात आहे, गाडी कधी लागणार, गव्हाण कधी बंद आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. एरवी संध्याकाळी सातनंतर, चुली पेटलेल्या असताना जा. मुकादमाला टाळून जाऊ नका, त्याला आधी सांगा, त्याचा चहा घ्या. पण बायकांशी बोलताना तो शेजारी नसेल असं बघा. त्याच्यासमोर सगळ्या जणी “सगळं बरं हाय” एवढंच म्हणतील.

पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत काही वाटू नका. विचारा. मला वाटतं उत्तरं येतील ती तुमच्या यादीत नसलेली: रात्रीचा उजेड, सापाची भीती, पाण्याला किती लांब जावं लागतं, अंघोळ अंधारातच का करावी लागते. त्यातली सापाची भीती अजिबात हसण्यावारी नेऊ नका. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दुखत नाही, सूज येत नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात आणि तोवर उशीर झालेला असतो. अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी डासांबरोबर त्यालाही बाहेर ठेवते. तुमच्या मंडपाच्या भाड्यात किती मच्छरदाण्या आल्या असत्या याचा हिशोब मी तुमच्यावरच सोडते. चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, देवऋषीकडं जायचं नाही. हातपाय हलवू न देता १०८ ला फोन करून, प्रतिविष असलेल्या ग्रामीण रुग्णालयात नाहीतर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्यायचं. हा क्रमांक प्रत्येक कोपीत तोंडपाठ हवा, आणि माळाचा पत्ता फोनवर कसा सांगायचा हेही.

त्याबरोबरच एक वही घाला. कोपीनिहाय: गरोदर कोण, कितवा महिना, पाच वर्षांखालची मुलं, त्यांच्या लशी, दहा ते एकोणीस वयाची मुलंमुली, बीपी-शुगरची गोळी कुणाला चालू होती नि इथं येताना सुटली. मग ती वही घेऊन गावच्या आशाताईंकडं आणि उपकेंद्राच्या सिस्टरकडं जा. हा भाग गेल्या वर्षी तुमच्याकडून पूर्ण राहिला. ही माणसं परमुलखातली नाहीत, याच राज्याची आहेत. लसीकरण, अंगणवाडीचा आहार, गरोदरपणातली तपासणी यांवर त्यांचा गावकऱ्यांइतकाच हक्क आहे. सरकारी लसीकरणाच्या आराखड्यात वीटभट्ट्या, बांधकामं आणि ऊसतोडीचे तळ ही खास लक्ष द्यायची ठिकाणं मानलेली आहेत. सिस्टरांवर आधीच कामाचा डोंगर असतो, त्यांना माळावर किती माणसं उतरलीत हेही पुष्कळदा कळत नाही. तुम्ही नावनिशीवार यादी हातात दिलीत, संध्याकाळचं सत्र ठेवायची विनंती लेखी केलीत, त्यांना न्यायला-सोडायला गाडी दिलीत, तर काम होतं. खाजगी डॉक्टर आणून वेगळं टेबल मांडण्यापेक्षा हे टिकाऊ. तुम्ही दमलात तरी सिस्टर असणार आहेत.

रेशनचंही बघा. राज्यातलं रेशनकार्ड कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून चालतं. घरी राहिलेल्या सासूनं तिथला वाटा उचलला तरी उरलेला इथं मिळू शकतो. गावातला दुकानदार पहिल्या वेळी नाही म्हणतो; तुमच्यासारखी बँकेत आयुष्य काढलेली बाई सोबत असली की मशीन चालू होतं.

गरोदर बायकांसाठी दर महिन्याची ९ तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे. आणि इथं तो खाडा पुन्हा आडवा येतो. तो तुमच्या गटानं भरावा का? मी यावर बराच विचार केला. भरलात तर दंडाची पद्धत तुम्ही मान्य केल्यासारखं होतं, आणि पैसे मिळतात म्हटल्यावर उद्या रक्कम वाढू शकते. न भरलात तर सातव्या महिन्यातली बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढत राहते. माझा कौल असा: पहिला हंगाम फक्त गरोदर बाई आणि आजारी तान्ह्या मुलाची आई, एवढ्यांपुरता भरा, गाजावाजा न करता. आणि त्याच आठवड्यात कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांना भेटा. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बाईच्या कोयत्याला खाडा लावू नये, एवढी एकच मागणी लेखी द्या. पाण्याच्या टँकरची आणि तात्पुरत्या संडासांची मागणी दुसऱ्या कागदावर, ग्रामपंचायतीला प्रत देऊन. तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी उसाची शेती असेलच, सभासदाचं पत्र कारखान्यात वजनदार ठरतं. कोल्हापुरात सहकाराचा एवढा अभिमान आपण मिरवतो, त्याचा असाही उपयोग होऊ द्या.

गर्भाशयाबद्दल एक गोष्ट स्वतंत्रपणे. बीडमधल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जातात, हा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि सरकारनं त्यासाठी समिती नेमली. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, पाळीला खाडा पडतो, मग पिशवीच काढून टाकू, असा तो रस्ता. कोणी सांगितलं असेल की पिशवी काढायला हवी, तर सीपीआरमध्ये स्त्रीरोग विभागात दुसऱ्यांदा दाखवल्याशिवाय होकार देऊ नये, हे चुलीपाशी बसून सांगा. तरुणपणी पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर हाडं लवकर ठिसूळ होतात, आणि हिला तर पुढची वीस वर्षं मोळी उचलायची आहे. ज्या बायकांची पिशवी आधीच निघालीय त्यांना “का काढलीत?” असं मात्र विचारू नका. त्यांनी तेव्हा काय मोजलं असेल ते आता आपल्याला कळलंय.

पोरांचं. तुमच्या पत्रात त्यांच्यासाठी व्याख्यान होतं, खेळ नव्हता. कोल्हापुरात राहून हे कसं सुचलं नाही? दर शनिवारी नाहीतर रविवारी संध्याकाळी ऊस निघालेल्या वावरात फुटबॉल टाका. तुमच्या पेठेतल्या तालमीची चार पोरं आनंदानं येतील, हंगामात एखादा सामना शहरात बघायला घेऊन जातील. मुलींसाठी खो-खो आणि कबड्डी, आणि त्यांची वेळ मुलांपेक्षा वेगळी ठेवा, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असतं. ते सांभाळायला तुमच्यातली एक जण बसली, तर बारा-तेरा वर्षांची ती पोर तासभर पोर होते. वळिवड्याच्या छावणीतल्या स्काउट पथकांत मोठी मुलं धाकट्यांना सांभाळायची, शिकवायची; घरदार गेलेल्या मुलांना कामाची आणि मानाची जागा मिळायची. इथंही संघनायक त्यांच्यातलेच करा. शिट्टी तुमच्या हातात नको.

व्याख्यानात सांगायचं होतं ते मग आपोआप निघतं. गुटखा आणि मिसरी भूक मारायला धरलेली असते, हे पोरंच सांगतील. शाळा सुटल्याचं सांगतील. स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी पत्रकावर इथल्या जिल्हा परिषद शाळेत बसता येतं, तिथं हेडमास्तरांना भेटायचं काम तुमचं. एखादी मुलगी म्हणेल की पुढच्या वर्षी माझाही कोयता होणार, म्हणजे लग्न ठरलंय. गावी एकटी ठेवायची भीती आणि जोडप्यालाच मिळणारी उचल, या दोन्हींतून ही लग्नं होतात. तिच्या आईबापांना कायदा ऐकवून सुरुवात करू नका. मुलींच्या वसतिगृहाची माहिती काढून द्या, मुलगी सुरक्षित राहील असा मार्ग समोर ठेवा. पण लग्नाची तारीख धरलेली असेल किंवा कुणी तिला त्रास देत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायला कचरू नका. ऐकलेलं भिशीत बोलायचं नाही, हा नियम आठही जणींनी आधीच ठरवून घ्या.

मनानं फारच खचलेलं कुणी दिसलं, झोप उडालेली, जीव द्यायची भाषा करणारी बाई, किंवा दारूवाचून हात थरथरणारा बाप, तर तिथं तुम्ही डॉक्टर होऊ नका. नीट बघायचं, मधे न बोलता ऐकायचं आणि योग्य ठिकाणी जोडून द्यायचं, एवढंच करायचं. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तुमच्या फोनवरून लावून द्या, आणि सीपीआरच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात पहिल्या खेपेला सोबत जा.

संस्थेला पैसे देण्याचा पर्याय वाईट नाही. स्थलांतरित मजुरांबरोबर वर्षानुवर्षं काम करणारी माणसं आपल्या राज्यात आहेत, त्यांच्याकडून एक दिवस शिकून घ्या, जमलं तर थोडी देणगीही द्या. पण तुमच्याकडं आहे ते त्यांच्याकडं नाही: वीस किलोमीटरवर राहणाऱ्या आठ बायका, बँकेचा अनुभव, कारखान्यातल्या ओळखी. ते पाकिटात घालून पाठवता येत नाही.

देणगीदारांना फोटो पाठवू नका. हिमोग्लोबिन तपासायला बोट पुढं केलेल्या बाईचा चेहरा व्हॉट्सअॅपवर कशाला फिरायला हवा? हिशोब पाठवा: इतक्या मच्छरदाण्या, इतके टँकर, इतक्या मुलांची गोवर-रुबेलाची लस पूर्ण, इतके खाडे भरले. खाड्याची ओळ वाचून एखादा देणगीदार नक्की फोन करेल. त्याला कोयता आणि उचल समजावून सांगा. तो कारखान्याचा सभासद निघाला तर शेती अधिकाऱ्यांच्या भेटीला सोबतच न्या.

आणि मार्चची तयारी जानेवारीतच करा. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की टोळ्या एका रात्रीत उठतात, तेव्हा वही पूर्ण करायला वेळ मिळत नाही. प्रत्येक गरोदर बाईच्या आणि बाळाच्या कार्डावर इथं झालेल्या तपासण्या नि लशी सिस्टरच्या सहीनं लिहून घ्या, गावाकडच्या आशाताईंचा फोन नंबर आधी मागून ठेवा, आणि पुढची लस किंवा तपासणी कधी ते त्यांना कळवा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो, तो नेमका प्रवासात हुकतो. बीपीच्या गोळ्या दोन महिन्यांच्या बांधून द्यायला आरोग्य केंद्राला सांगा. तुमचा नंबर त्यांच्याकडं राहू द्या. दसऱ्याच्या आसपास ‘औंदा कुठं पडणार’ एवढं त्यांनीच कळवलं, तर पुढच्या वर्षी माळ शोधत फिरावं लागणार नाही.